कोलोरॅडोत एल्कची पहिली शिकार: आधी मांसाचा हिशेब, मग रायफल

अमेरिकेत राहणारे मराठी मित्र शिकारीचा विषय काढतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रायफल कोणती घेऊ? मी त्यांना उलट विचारतो, शंभर किलो मांस पाठीवरून किती लांब नेता येईल तुम्हाला? हा प्रश्न बहुतेकांनी मनात आणलेलाच नसतो. आणि माझ्या मते एल्कच्या शिकारीचं सगळं नियोजन तिथूनच सुरू व्हायला हवं.

एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस नव्वद-शंभर किलो भरतं. एका खेपेला डोंगरातून तीस किलो उचलणं म्हणजे धडधाकट माणसाचं काम. जनावर रस्त्यापासून तीन किलोमीटरवर पडलं आणि तुम्ही एकटे असलात, तर चार खेपा होतात. म्हणजे मांस बाहेर काढायलाच एकवीस किलोमीटर चाल, तीही नऊ-दहा हजार फूट उंचीवर. दोघे असाल तर दोनच खेपा आणि नऊ किलोमीटर. हा हिशेब आधी कागदावर मांडा. कुठे जायचं, किती आत शिरायचं, कोणाला सोबत घ्यायचं आणि कोणती गोळी मारायची नाही, हे सगळं त्यातून ठरतं.

वर्षभर आधी: कागदपत्रं

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, म्हणून आपल्याला वाटतं की शिकार आणि संवर्धन एकमेकांचे वैरी. कोलोरॅडोत चित्र वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने इथले एल्क जवळजवळ संपले होते. मग वायोमिंगमधून कळप आणून सोडले, परवान्यांवर मर्यादा घातल्या, आणि आज या राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाकडे जातो. परवान्याची फी भरताना मला हे आठवतं आणि ती जड वाटत नाही.

पहिली पायरी हंटर एज्युकेशनचा कोर्स. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. केवळ सही-शिक्क्यासाठी करू नका. बंदूक हातात कशी धरायची, कुंपण ओलांडताना ती कोणाच्या हातात द्यायची, नळीचं तोंड कुठे असावं, हे तिथे अंगवळणी पडतं.

दुसरी पायरी आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही, पण एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग रायफलीला हात. मित्राची रायफल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, ‘जरा चालवून पाहतो’ म्हणणंही परवान्याशिवाय अंगाशी येऊ शकतं. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा. ही काटकसर करायची जागा नाही.

परवाने देतं कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्य खातं. राज्य वेगवेगळ्या ‘युनिट’मध्ये विभागलेलं आहे. चांगल्या युनिटसाठी एप्रिलच्या सुरुवातीला सोडतीचा अर्ज करावा लागतो. नंबर लागला नाही तर पुढच्या वेळी उपयोगी पडणारा प्रेफरन्स पॉइंट मिळतो. रायफलीचे चार हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपत येईपर्यंत चालतात. त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामात बऱ्याच युनिटमध्ये नर एल्कचा परवाना सोडतीशिवाय मिळत आला आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचा. राज्यात सलग सहा महिने राहून रहिवासी ठरलात तर फी खूप कमी पडते. बाहेरच्यांना ती कैक पट आहे.

जागा निवडताना

पहिल्यांदा जाणाऱ्याने व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्ट आणि फ्लॅट टॉप्सचा परिसर नकाशावर जरूर पाहावा. तिथला कळप राज्यातला सर्वात मोठा. पण नाव मोठं म्हणून माणसांची गर्दीही मोठी. मी जागा निवडताना तीन गोष्टी बघतो: रस्त्यापासून अंतर, पाणी, आणि चढाची दिशा.

चढाच्या दिशेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी खाली आणि शिकार वर, अशीच जागा घ्या. रिकाम्या पाठीने चढणं आणि ओझ्याने उतरणं जमतं. उलट केलंत, म्हणजे गाडी माथ्यावर ठेवून दरीत उतरलात, तर तीस किलो घेऊन दोन हजार फूट चढताना गुडघे बोलतात. पहिल्या वर्षी दोन-अडीच किलोमीटरच्या पलीकडे जाऊच नका.

नकाशाच्या अ‍ॅपवर सरकारी आणि खासगी जमिनीच्या हद्दी दिसतात. तो नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, डोंगरात नेटवर्क नसतं. बर्फ वाढला की तिसऱ्या हंगामात एल्क खाली खासगी कुरणांकडे सरकतात. कुंपणापलीकडे दिसलेलं जनावर तुमचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये एकदा तरी जाऊन या. शेण, खुरांचे ठसे, शिंगांनी सोललेली झाडं, चिखलात लोळल्याच्या खुणा, हे सगळं तेव्हा बघून ठेवता येतं.

रायफल

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं होऊ नये म्हणून रायफल आत्ता.

कायद्याने एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे .२४ कॅलिबरची, आणि ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लागते. प्रत्यक्षात त्याहून बरंच वर राहावं. बोल्ट अ‍ॅक्शन घ्या. दर गोळीनंतर हाताने दांडा मागे-पुढे करून पुढचं काडतूस भरायची; साधी, भरवशाची, थंडीत न अडखळणारी. काडतुसांत .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ पासून आहे, .२७० विंचेस्टर १९२५ पासून, .३०८ विंचेस्टर १९५२ पासून. तिन्ही खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात आणि तिन्हींनी एल्क पडतो. मला विचाराल तर .३०-०६ आणि १६५ किंवा १८० ग्रेनची गोळी.

दुकानात .३०० विंचेस्टर मॅग्नम पुढे केली जाईल. ती ताकदवान आहे यात वाद नाही, पण तिचा खांद्याला बसणारा धक्का नवख्याला दचकायला शिकवतो. घोडा दाबण्याआधीच डोळे मिटू लागतात, आणि एकदा ही सवय लागली की सुटायला वर्ष जातं. ज्या रायफलीने तुम्ही उन्हाळाभर आनंदाने सराव कराल ती तुमची रायफल.

नावापेक्षा गोळीची बांधणी महत्त्वाची. एल्कच्या खांद्याचं हाड आणि बरगड्या जाड असतात. तिथे फुटून विखुरणारी स्वस्त गोळी जनावराला नुसतं जखमी करते. आतला गाभा धरून ठेवणारी ‘बाँडेड’ किंवा पूर्ण तांब्याची गोळी घ्या. तांब्याच्या गोळीचा आणखी एक फायदा: मागे राहिलेल्या आतड्यांवर गरुड आणि कावळे येतात, त्यांच्या पोटात शिसं जात नाही. एकाच प्रकारची पाच खोकी, म्हणजे शंभर काडतुसं एकदम घ्या आणि सराव व शिकार त्यांनीच करा. रायफलीवरची दुर्बीण ३-९x४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुरे.

कोलोरॅडोत रायफल विकत घेताना किमान तीन दिवस थांबावं लागतं, हे हंगामाच्या तोंडावर धावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सराव

रेंजवर टेबलाला टेकून २०० यार्डांवर शून्य साधा, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावरच लागेल अशी दुर्बीण जुळवा. .३०-०६ची गोळी मग १०० यार्डांवर साधारण दोन इंच वर लागते आणि ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली. एवढं झालं की टेबल सोडा. डोंगरात टेबल नसतं. मांडी घालून, गुडघ्यावर, काठ्यांच्या टेकूवर, थोडं धावून धाप लागल्यावर मारून बघा. दहा इंची ताटलीवर पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरापर्यंत बसतात, ती तुमची हद्द. बहुतेकांची ती दोनशे यार्डांच्या आत असते आणि त्यात कमीपणा काही नाही. त्या हद्दीपलीकडच्या जनावरावर गोळी मारायची नाही, हे घरीच ठरवा. तिथे मन ऐकत नाही.

पायांचा सराव वेगळा. जूनपासून आठवड्यातून दोनदा पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन चढ चढा. सखल भागातून येणार असाल तर हंगामाआधी दोन दिवस उंचीवर मुक्काम करा. डोकेदुखी, मळमळ वाढली तर खाली उतरणं हाच उपाय.

पाठीवर काय

ओझं वाहणारी चौकट असलेली सॅक, पायांत मुरलेले बूट, लोकरीचे थर. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही. कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकता नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि तसंच डोकं झाकणारं काही, हे कायद्याने सक्तीचं. हातात धरून बघायची १०x४२ची दुर्बीण, दोन हेडलॅम्प, दोन धारदार सुऱ्या, सुती कापडाच्या पाच-सहा मांसपिशव्या, दोरी, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र. आणि छोट्या बाटलीत टाल्कम पावडर.

पावडर वाऱ्यासाठी. एल्कच्या नाकाला फसवता येत नाही. पहाटे थंड हवा दरीत उतरत असते, तेव्हा जनावराच्या खालच्या अंगाने राहा. ऊन उतारावर पडलं की हवा वर चढू लागते, मग तुम्ही वर. संध्याकाळी पुन्हा उलट. चिमूटभर पावडर हवेत सोडली की कळतं. इथे हाकारा नाही, मचाण नाही; उजाडताना आणि मावळताना कुरणाच्या कडेला बसून दुर्बिणीने बघत राहणं, आणि दिवसा दाट झाडीत सावकाश सरकणं, एवढंच.

विमानाने येणार असाल तर रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर सांगून. डोंगरात जाण्याआधी दोन गोळ्या मारून नेम तपासा. आणि हीच सॅक घेऊन पुढे कधी मुंबईला जाऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

गोळी आणि त्यानंतर

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी मारता येते. पण कायदा परवानगी देतो म्हणून मारावीच असं नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी मी शेवटच्या वीस मिनिटांत मादीवर गोळी मारली. नेम बरोबर बसला, पण ती झाडीत शिरली. हेडलॅम्पच्या उजेडात तिला शोधायला दीड तास गेला आणि पहिली खेप गाडीशी पोचली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. त्या दीड तासात, ती कुठे तडफडत तर नसेल ना, एवढं एकच मनात होतं. तेव्हापासून गाडीपासून लांब असलो की शेवटच्या अर्ध्या तासात मी रायफल खाली ठेवतो.

जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. नर असेल तर शिंगांची अट आधी तपासा. बऱ्याच युनिटमध्ये एका बाजूला किमान चार टोकं किंवा कपाळाजवळचं पाच इंची टोक लागतं. गोळी लागल्यावर जनावर उभं राहिलं तर दुसरी मारा. पळालं तर शेवटचं कुठे दिसलं ती जागा मनात पक्की करा आणि अर्धा तास शांत बसा. लगेच मागे धावलात तर ते आणखी लांब जातं.

जनावर सापडलं की आधी परवान्याचा टॅग सही-तारखेसह लावा. मग कातडं लगेच काढायला घ्या, कारण मांसाचा शत्रू ऊब आहे. मागच्या मांडीच्या खुब्यापाशी मांस सर्वात आधी आंबतं, थंडीतसुद्धा. पोट न फाडता एका कुशीवर कातडं सोलून पुढचा पाय, मागची मांडी, पाठीची पट्टी, मानेचं मांस काढायचं, जनावर पालटायचं आणि दुसरी बाजू. लिंग ओळखता येईल असा अवयव एका भागाला जोडलेला ठेवावा लागतो. पिशव्या सावलीत झाडाला टांगा. खाण्यालायक मांस टाकून देणं गुन्हा आहे, आणि शिंगं सगळ्यात शेवटच्या खेपेला.

हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज १९६७ मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसला. डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवा. माणसाला हा आजार झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असाच सल्ला आहे.

साधारण पाचातले चौघे एल्कशिवाय परततात, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मिळालाच, तर पाकिटांवर भाग आणि तारीख लिहा. मांसाला चरबी जवळजवळ नसते. पाठीची पट्टी तव्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवली की चामडं होते. मानेचं आणि नळीचं मांस मात्र काळ्या मसाल्यात, कुकरच्या मंद आचेवर पाऊण तास ठेवा, आणि तेल नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त घाला.