आधी ठसे वाचा, मग फडकं हाती घ्या: जुनी युरोपीय रिव्हॉल्व्हर जमवताना या चुका टाळा

माझ्या हाती आलेलं पहिलं लफोशे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच पद्धतीचं रिव्हॉल्व्हर, मी एका संध्याकाळीत बिघडवलं. फ्रान्समधल्या एका गावच्या जुन्या बाजारात ते मिळालं होतं. नळीवर चॉकलेटी थर, सहा खणांचं सिलिंडर, आणि सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक खणापाशी एक बारीक खाच. घरी आणलं, पितळी भांडी घासायची पेस्ट आणि तारेची घासणी घेतली आणि बसलो. दोन तासांनी नळी आरशासारखी चकाकत होती, पण नळीवरची अक्षरं अर्धी पुसली गेली होती. ती परत येत नाहीत. नवी कोरून घेता येतात, पण तो खोटेपणाच झाला.

या छंदातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. दीडशे वर्षांत पोलादावर चढलेला गडद तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो थर आणि त्याच्याखालचे निर्मात्याचे व तपासणीचे ठसे, याचेच पैसे जाणकार मोजतो. थर आणि चालू गंज यांतला फरक ओळखायला पांढरं सुती फडकं थोड्या तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. फडक्यावर केशरी भुकटी आली तर गंज अजून खातोय. नुसता काळपट डाग आला तर तो भाग तसाच राहू द्या. चालू गंजावर पातळ तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबा आणि पोलादापेक्षा मऊ अशा तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीने तेवढाच डाग अलगद खरवडा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांत हेच मेण वापरतात. सॅंडपेपर, लिंबू, व्हिनेगर, फिरता तारेचा ब्रश यांतलं काहीही जवळ आणू नका.

दुसरी चूक नाव वाचण्यातली. नळीवर ‘लफोशे’ दिसलं की विकणारा लगेच ‘अस्सल पॅरिसचं’ म्हणतो. कासिमीर लफोशे यांनी 1830च्या दशकात पिनफायर, म्हणजे बाहेर आलेल्या पिनेवर घोडा आदळून पेटणारं, काडतूस आणलं आणि त्यांचा मुलगा यूजीन याचं 1854चं रिव्हॉल्व्हर फ्रेंच नौदलाने 1858 मध्ये स्वीकारलं. धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर एखाद्या देशाच्या सैन्याने घेण्याची ही पहिलीच वेळ. एवढं नाव झाल्यावर नकला होणारच. बेल्जियमच्या लिएज शहरात आणि इतरत्रही या पद्धतीची रिव्हॉल्व्हर ढिगाने बनली. म्हणून ‘सिस्टेम लफोशे’ असं कोरलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘लफोशे पद्धतीचं’ एवढाच. ‘बुलडॉग’ या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरची गोष्टही तीच. वेब्ली या ब्रिटिश कंपनीने 1872 मध्ये ते आणलं आणि बेल्जियमने त्याच्या असंख्य नकला काढल्या. नक्कल वाईट असते असं नाही, पण मूळ मालाचे पैसे देऊन ती घरी आणू नका.

मग खरं काय ते कळणार कसं? सिलिंडर भिंगाखाली धरा. लिएजच्या तपासणीगृहाचा, म्हणजे बंदुका चाचणी करून पास करणाऱ्या कचेरीचा, ठसा लंबगोल असतो: आत ई, एल, जी ही रोमन अक्षरं आणि खाली एक तारा. 1893 पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. म्हणजे ठसा शाबूत असून मुकुट नसेल तर तपासणी 1893 च्या आधीची. तो मुकुट तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो, आणि घासणीने सर्वांत आधी जातो तो तोच! विकणारा ‘1860 सालचं आहे’ म्हणत असेल आणि लंबगोलावर मुकुट दिसत असेल, तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे वळा. सिलिंडर, फ्रेम आणि नळी यांवरचे आकडेही जुळवून पाहा. वेगवेगळे निघाले, तर दोन-तीन रिव्हॉल्व्हर मोडून एक केलेलं असण्याची शक्यता धरा.

आता बिघाडांकडे वळू. सिलिंडर फिरत नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा ते ज्यावर फिरतं त्या मधल्या कण्यावर जुनं तेल वाळून खळीसारखं घट्ट झालेलं असतं. पातळ तेल सोडा आणि चार-आठ दिवस विसरून जा. स्क्रूचंही तसंच. बाजारातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेतून निसटतं आणि स्क्रूचं डोकं फाटतं. समांतर टोकाचा, खाचेत घट्ट बसणारा घ्या. आणि घोडा ओढून ‘टक्’ असा आवाज काढून दाखवायची सवय सोडा. पिनफायरचा घोडा काडतुसातून वर आलेल्या पिनेवर पडायला केलेला आहे; पिनच नसेल तर तो नुसता आदळतो आणि त्याचं नाक किंवा स्प्रिंग तुटते.

या सगळ्याच्या आधी एक काम: रिव्हॉल्व्हर रिकामं आहे का ते बघा. छोट्या स्फोटक टोपीवर चालणाऱ्या, म्हणजे पुढून बार भरायच्या रिव्हॉल्व्हरांच्या खणांत बंदुकीची जुनी दारू तशीच राहिलेली सापडू शकते. शंका आली तर स्वतः उकरू नका, परवानाधारक बंदूक कारागिराकडे न्या. पिनफायरची जुनी काडतुसं डब्यात खुळखुळत ठेवू नका, पिनेवर धक्का पुरतो.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींची एक चूक कायद्याची. फ्रेंच सैन्याचं 1873चं 11 मिलिमीटरचं रिव्हॉल्व्हर फ्रान्समध्ये प्रौढ माणूस परवान्याशिवाय ठेवू शकतो. ब्रिटनने मात्र 2021 मध्ये त्याचं काडतूस परवान्यातून सूट असलेल्या कालबाह्य मापांच्या यादीतून काढलं, म्हणजे पॅरिसहून लंडनला नेताच तेच रिव्हॉल्व्हर गुन्हा ठरू शकतं. भारतात 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सवलत दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्यारापुरती आहे. ‘शंभर वर्षांचं आहे’ एवढं पुरत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुकांची मर्यादा आहे, आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजतात.

कहाणीला किती पैसे द्यायचे? दोन लिलाव बघा. फ्रेंच कवी व्हर्लेनने 10 जुलै 1873 रोजी ब्रसेल्समध्ये दुसरा कवी रँबो याच्यावर ज्यातून गोळी झाडली, ते 7 मिलिमीटरचं लफोशे 2016 मध्ये पॅरिसला 4,34,500 युरोंना गेलं. चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःवर जे चालवलं असं मानतात, ते फ्रान्समधल्या ओव्हेर गावच्या शेतात सापडलेलं गंजकं 7 मिलिमीटरचं 2019 मध्ये 1,62,500 युरोंना गेलं, आणि ते त्याचंच होतं हे सिद्ध झालेलं नाही. नावं एवढी मोठी असतील तर अंदाजालाही गिऱ्हाईक मिळतं. बाजारातल्या टेबलावर ‘एका सेनापतीचं होतं’ असं कुणी सांगितलं आणि कागद दाखवला नाही, तर फक्त लोखंडाचे पैसे द्या.

घरी ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पोलाद खातात. कोकणात किंवा मुंबईत घराण्यातलं एखादं वेब्ली रीतसर परवान्यावर असेल, तर म्यान वेगळं ठेवा, रिव्हॉल्व्हर कुलूपबंद पेटीत सिलिका जेलसोबत, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ते पांढरं फडकं पुन्हा फिरवा.