दुपारी न थांबणारा टायमर

आमच्या सोलापुरात नळाला पाणी आलं की मोटर लावायची घाई असते. म्हणून आईसाठी ५५५ आयसीचा (वेळ मोजणारी चिप) टायमर बनवला: बटण दाबलं की मोटर चालू, आणि साडेआठ मिनिटांनी रिले, म्हणजे मोटरचा विजेवर चालणारा स्विच, सुटून ती बंद होणार. १ मेगाओहम रेझिस्टर, ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर; वेळ = १.१ × आर (रेझिस्टर) × सी (कपॅसिटर), म्हणजे ५१७ सेकंद.

सकाळी चोख चाले. एप्रिलच्या दुपारी मात्र रिले सुटेचना, टाकी वाहून जिन्यावर पाणी. "अरे, मोटर बंद कर!" आईची हाक आली की जीव खालीवर व्हायचा.

आधी आयसी बदलला. व्यर्थ. मग कपॅसिटरला जोडलेल्या ६ नंबरच्या पिनवर मीटर धरून बसलो. व्होल्टेज हळूहळू चढत ७.२ वर अडकलं. १२ व्होल्ट सप्लायवर वेळ संपली हे कळायला आयसीला तिथे दोन तृतीयांश, म्हणजे ८ व्होल्ट हवे! रेझिस्टरमधून येणारा चारपाच मायक्रोअँपिअरचा करंट कपॅसिटरच आतल्या आत गळवत होता. पत्र्याच्या खोलीतली उष्णता, त्यात कपॅसिटर ७८१२ च्या (१२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) हीटसिंकला, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, चिकटलेला. गरम झाला की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती वाढते.

१०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा नवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हीटसिंकपासून लांब लावला आणि रेझिस्टर ४७० किलोओहमचा केला. वेळ तीच, चार्जिंगचा करंट दुपटीहून जास्त, म्हणजे थोडी गळती झाली तरी व्होल्टेज अडकणार नाही. गडबडीचे सिग्नल रोखायला ५ नंबरच्या पिनवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि रिले सुटताना येणारा व्होल्टेजचा झटका शोषायला तिच्या कॉइलला उलटा डायोडही जोडला. ते मी सुरुवातीलाच करायला हवं होतं.

काल भर दुपारी तीनदा लावून पाहिला. तिन्ही वेळा रिले टक् करून सुटला.