मानवी मूलपेशींपासून मूत्रपिंडाच्या पेशी वाढवण्याची कृती
सुरुवात बहुक्षम (शरीरातील जवळपास कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या) मूलपेशींच्या निरोगी वसाहतींपासून करावी. ज्यांच्या कडा आधीच विस्कटलेल्या दिसतात, त्या टाकून देणेच श्रेयस्कर. लेप दिलेल्या तबकडीवर पेशी विरळ पेराव्यात आणि दुसऱ्या दिवशी माध्यमात ८ मायक्रोमोलर सीएचआयआर ९९०२१ घालावे. हे रसायन डब्ल्यूएनटी संदेशमार्ग (पेशीने कोणते रूप घ्यायचे हे ठरवणारी संदेशसाखळी) चालू करते व सुमारे ४ दिवसांत पेशी मध्यस्तराकडे, म्हणजे भ्रूणातील ज्या थरापासून मूत्रपिंड घडते त्याकडे, वळतात. ही मुदत कमी-जास्त झाल्यास नेफ्रॉनच्या (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककाच्या) आणि संग्राहक नलिकेच्या (मूत्र गोळा करणाऱ्या नळीच्या) पूर्वज पेशींचे प्रमाण बदलते, म्हणून ती प्रत्येक पेशीवाणासाठी (एकाच मूळ स्रोतापासून वाढवलेल्या पेशींच्या साठ्यासाठी) स्वतंत्रपणे पडताळून ठरवावी. माझ्या मते खरे कौशल्य इथेच लागते.

पुढील ३ दिवस हेपारिनसह एफजीएफ-९ हा वाढघटक (प्रति मिलिलिटर २०० नॅनोग्रॅम) द्यावा. सातव्या दिवशी पेशी सुट्या करून, अपकेंद्रणाने (यंत्रात वेगाने फिरवून) त्यांचे छोटे गोळे बनवावेत आणि ते सच्छिद्र पटलावर असे ठेवावेत, की माध्यम फक्त खालून पोहोचेल व वरची बाजू हवेला उघडी राहील. पिपेटचे टोक पटलाला टेकू देऊ नये, ते सहज फाटते. एक तास ५ मायक्रोमोलर सीएचआयआर, मग ५ दिवस एफजीएफ-९ आणि त्यानंतर वाढघटकांविना केवळ माध्यम, असा क्रम ठेवावा.

साधारण पंचविसाव्या दिवशी नेफ्रिन या प्रथिनाच्या रंजनाने पोडोसाइट (रक्त गाळण्याच्या पडद्यातील) पेशी ओळखता येतात. मात्र तयार झालेली ऊती प्रौढ मूत्रपिंडापेक्षा गर्भाच्या मूत्रपिंडाशी अधिक जुळते.