आर्क्टिकच्या क्रूझवर निघताय? या चुका टाळा

आर्क्टिकच्या मोहीम-क्रूझचं बुकिंग झालं की बहुतेक जण दिवसवार कार्यक्रम पाठ करून टाकतात. तिसऱ्या दिवशी अमुक फ्योर्ड (उंच कड्यांमधली समुद्राची चिंचोळी खाडी), चौथ्या दिवशी तमुक हिमनदी. पुढच्या निम्म्या हिरमोडाचं मूळ इथेच असतं. तो कागद म्हणजे फक्त अंदाज. खरा मार्ग कॅप्टन आणि मोहीमप्रमुख रोज बर्फाचे ताजे नकाशे आणि वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवतात. वायव्य मार्गावर, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक ते पॅसिफिक जाणाऱ्या सागरी वाटेवर, ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनची जहाजं १८४५च्या मोहिमेत बर्फात अडकली ती परतलीच नाहीत. नॉर्वेच्या अमुंडसेनला तोच मार्ग पार करायला १९०३ ते १९०६ अशी वर्षं लागली. आज उपग्रह आहेत, बर्फाला दाद न देणारी मजबूत जहाजं आहेत, तरी एखाद्या सामुद्रधुनीत बर्फ दाटला की मागे फिरावंच लागतं.

अशा वेळी 'आम्ही पैसे मोजलेत' म्हणून स्वागतकक्षात वाद घालणारे प्रवासी असतात. त्यांना एक घटना सांगावीशी वाटते. सप्टेंबर २०२३मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या आल्पेफ्योर्डमध्ये २०६ जणांना घेऊन गेलेलं एक क्रूझ जहाज रुतलं. मदत पोहोचायलाच वेळ लागला आणि तीन दिवसांनी एका संशोधन-नौकेने ओढल्यावर ते सुटलं. आर्क्टिकमधल्या बऱ्याच समुद्रतळाचं आधुनिक पद्धतीने मोजमाप अजून झालेलं नाही. तिथे कॅप्टन 'नाही' म्हणाला तर ते तुमच्या जिवासाठीच असतं. किनाऱ्यावर उतरण्याचा बेत रद्द झाला तर खोलीत जाऊन पडू नका, डेकवर जा. देवमासे आणि अस्वलं पुष्कळदा जहाजावरूनच दिसतात.

दुसरी मोठी चूक महिना निवडताना होते. मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशातले रंगीत झोत, ऑरोरा) दोन्ही एकाच सहलीत हवेत, अशी अनेकांची अपेक्षा असते. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगइयरब्येन गावाला साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. आकाश उजळ असताना ध्रुवीय प्रकाश दिसणार कसा? तो हवा असेल तर सप्टेंबरातलं पूर्व ग्रीनलंड बघा, तेव्हा तिथे रात्री पुन्हा काळोख्या झालेल्या असतात. समुद्री बर्फ आणि कड्यांवर घरटी करणारे पक्षी पाहायचे तर जूनच्या आसपास जा. स्वालबार्डला पूर्ण प्रदक्षिणा घालायची इच्छा असेल तर ऑगस्ट बरा, कारण बर्फ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मागे सरकत राहतो. आधी काय पाहायचंय ते ठरवा, तारीख मग.

जहाज निवडताना प्रवासीसंख्या विचारा. १ जानेवारी २०२५पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना मनाई आहे आणि तिथे उतरायला ठरावीक ४३ जागाच मोकळ्या आहेत. माझं मत विचाराल तर जहाज जितकं लहान तितकं चांगलं. मोठ्या जहाजावर पाळ्या लावून उतरवतात आणि किनाऱ्यावरचा वेळ वाटला जातो. त्याच नियमांनुसार ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहावं लागतं, १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यात अस्वल एक पिवळट ठिपका दिसेल. चांगली दुर्बीण घ्या, आणि ती दोघांत एक नको, प्रत्येकाला एक.

व्हिसाची गफलत तर थेट विमानतळावर उघडी पडते. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे. ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी किमान दोन प्रवेशांचा घ्यावा.

जहाज सुटण्याच्या बंदरावर निदान एक दिवस आधी पोहोचा. सामान मागे राहिलं आणि जहाज निघालं तर ते मधल्या कुठल्या बंदरात गाठणं जवळपास अशक्य. औषधं, चष्मा, लोकरीचे आतले कपडे आणि वॉटरप्रूफ पँट हातातल्या बॅगेत ठेवा. जाड कोट आणि गमबूट अनेक जहाजांवर मिळतात, पँट मात्र बहुधा आपली आपणच न्यायची असते. सामान आलंच नाही तर लगेच मोहीमप्रमुखाला सांगा, जहाज निघाल्यावर नव्हे.

आता पायांबद्दल थोडं सविस्तर, कारण थंडीची सर्वात जास्त रड पायांचीच असते. पाय गार पडतात म्हणून लोक एकावर एक दोन जाड मोजे चढवतात. बूट घट्ट होतो, रक्तपुरवठा कमी होतो, मोज्यातली हवा दाबली जाते आणि पाय आणखी गारठतात. बूट थोडा सैल घ्या, लोकरीचा एकच चांगला मोजा घाला आणि आतमध्ये बोटं हलवता येतात का ते पाहा. सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कापड ओलं झालं की ऊब धरत नाही. पँटचे पाय बुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचले की झोडियाकमधून (किनाऱ्यावर नेणाऱ्या हवा भरलेल्या रबरी बोटीतून) उथळ पाण्यात उतरताना एक लाट बूट भरून जाते आणि पुढचे दोन तास वाया जातात.

त्याच झोडियाकवर चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीवरच्या बंद बॅगेत. खलाशाचा पंजा धरायचा नाही. त्याने तुमचं मनगट आणि तुम्ही त्याचं, अशी पकड घ्यायची. ओला पंजा निसटतो, ही पकड निसटत नाही.

बोट लागणाऱ्यांनी उलटी व्हायची वाट पाहू नये. गोळी खुल्या समुद्रात शिरण्याआधी घ्यावी लागते. नंतर ती पोटात ठरत नाही. कोणती घ्यायची ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. त्रास सुरू झालाच तर गुपचूप सोसू नका, जहाजावरच्या डॉक्टरांकडे जा. खोली शक्यतो खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात.

वैद्यकीय फॉर्मवर हृदयविकार किंवा गुडघेदुखी लपवू नका. जहाजावरचा दवाखाना छोटा असतो आणि जवळचं मोठं रुग्णालय कित्येक तासांवर किंवा दिवसांवर. विम्यात दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का, आणि किती रकमेपर्यंत, हे पॉलिसीत शोधा.

कॅमेऱ्यावर धुकं धरलं तर पुसत बसू नका. डेकवरून आत येण्यापूर्वीच तो बॅगेत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. थंडीत बॅटरी लवकर दगा देते. जादाची आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

किनाऱ्यावर उतरण्याआधी वेलक्रो, खिसे, बॅगेचे कोपरे व्हॅक्युमने साफ करायला सांगतात. कंटाळून टाळू नका; वेलक्रोत अडकलेलं एक परकं बी या नाजूक जमिनीत रुजू शकतं. परत येताना काही उचलूही नका. स्वालबार्डमध्ये १९४६पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण कायद्याने संरक्षित आहे, त्यात गंजका खिळाही आला. ग्रीनलंड किंवा कॅनडातल्या दुकानात नारव्हालचा (लांब सुळा असलेल्या आर्क्टिक देवमाशाचा) दात किंवा सीलच्या कातड्याची वस्तू आवडली, तर दुकानदाराकडे निर्यातीची कागदपत्रं मागा आणि तुमच्या देशात, शिवाय वाटेतल्या देशांत, ती आणायला परवानगी आहे का हे पैसे देण्याआधी तपासा. वाटेत कस्टम्सने जप्त केली तर वस्तूही जाते, पैसेही.