अमेरिकेतल्या मेसेजमधली लघुरूपं: नव्याने आलेल्यांसाठी

नव्याने आलेल्यांची अडचण बऱ्याचदा इथली लघुरूपं कळत नाहीत म्हणून होत नाही. आपली लघुरूपं इथेही चालतील असं धरून चालल्याने होते. 'पीएफए' लिहून फाईल पाठवली तर अमेरिकन सहकाऱ्याला अर्थ लागेलच असं नाही. सरळ 'अटॅच्ड' लिहा. 'डीपी' हा शब्द तर ऑफिसच्या ग्रुपवर टाळाच. इथे त्या दोन अक्षरांना अश्लील अर्थ आहे, म्हणून 'प्रोफाइल पिक' म्हणा. बँकेचा ओटीपी इथे 'व्हेरिफिकेशन कोड' असतो.

घर शोधताना 'टू बीएचके' विसरा. इथे हॉल-किचन मोजत नाहीत, बेडरूम आणि बाथरूम मोजतात. जाहिरातीत '२ बीआर, १.५ बीए' असेल तर त्या अर्ध्या बाथरूममध्ये कमोड आणि बेसिन असतं, अंघोळीची सोय नसते. 'डब्ल्यू/डी इन युनिट' म्हणजे कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं मशीन घरातच. त्यापुढे 'हूकअप्स' लिहिलं असेल तर फक्त नळ-विजेची जोडणी मिळते, मशीन तुम्ही आणायचं. घर बघायला जाण्याआधीच हे विचारून घ्या.

पीटीओ म्हणजे आपल्याकडे 'पान उलटा'. इथे ऑफिसात ती पगारी रजा आणि मुलांच्या शाळेत पालक-शिक्षकांची संघटना. रजेच्या दिवशी कॅलेंडरवर 'ओओओ' टाकतात, म्हणजे ऑफिसात नाही. तारीख लिहिताना महिन्याचं नाव लिहा. ६/१२ म्हणजे इथे १२ जून, ६ डिसेंबर नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा. 'ईओडी' म्हणजे दिवस संपेपर्यंत, पण कुणाचा दिवस? न्यूयॉर्कचा की कॅलिफोर्नियाचा, त्यात तीन तासांचा फरक. काम घेतानाच '५ वाजता, ईटी ना?' असं विचारा. 'ईटी' म्हणजे ईस्टर्न टाइम, न्यूयॉर्ककडची वेळ. 'ईएसटी' लिहू नका, ती फक्त हिवाळ्यातली वेळ: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथे घड्याळ एक तास पुढे, म्हणजे 'ईडीटी' असते, 'ईटी' मात्र बाराही महिने बरोबर. भारतातल्या टीमशी मीटिंग ठरवत असाल तर न्यूयॉर्कच्या वेळेशी अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास होतं. भारत घड्याळ बदलत नाही, म्हणून मीटिंग कुणाची तरी एक तास सरकतेच. ॲरिझोनाचा बहुतेक भागही घड्याळ बदलत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये असाल तर 'एलजीटीएम' (मला ठीक वाटतं) जपून वापरा. कोड तपासून त्याखाली ही चार अक्षरं लिहिली की तुमची मंजुरी धरतात. नुसतं 'बघितलं' एवढंच सांगायचं असेल तर तसं लिहा. 'निट' म्हणजे बारीक सूचना, तिच्यासाठी काम अडत नाही. 'पीटीएएल' म्हणजे कृपया एकदा बघा.

बाकी रोजची: 'एनव्हीएम' म्हणजे राहू दे, 'एलएमके' म्हणजे कळव, 'एसएमएच' म्हणजे वैतागून मान हलवणं. 'एनएसएफडब्ल्यू' म्हणजे ऑफिसात बघण्याजोगं नाही, तसं लिहिलेली लिंक तिथे उघडू नका. नुसतं 'के' असं उत्तर तुटक वाटतं, 'ओके' किंवा 'साउंड्स गुड' लिहा. 'बीवायओबी' लिहिलेल्या पार्टीला आपलं पेय आपण न्यायचं, बहुधा दारू. पीत नसाल तर सोडा चालतो.

जुनं फर्निचर घेताना 'ओबीओ' दिसलं तर घासाघीस चालते, 'फर्म' दिसलं तर नाही. 'आयएसओ' म्हणजे ही वस्तू कुणी देतंय का, अशी विचारणा. 'पीपीयू' म्हणजे दारातून वस्तू उचलायची, किंवा वस्तू कुणाची तरी ठरली आहे, न्यायची बाकी आहे. मात्र वस्तू बघण्याआधी अनोळखी माणसाला 'झेल'वर (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची इथली सोय) पैसे पाठवू नका. ते परत मिळणं फार कठीण.

दवाखान्याच्या मेसेजला 'सी' किंवा 'वाय' असं उत्तर मागितलं असेल तर अपॉइंटमेंट पक्की करायची असते. ओळखीच्या दुकानाच्या जाहिराती 'स्टॉप' लिहून बंद होतात. पण न भरलेला टोल किंवा अडकलेलं पार्सल सांगणाऱ्या अनोळखी नंबरला 'स्टॉप'सुद्धा लिहू नका, कारण नंबर चालू आहे हे त्यांना कळतं. तो मेसेज ७७२६ वर, म्हणजे फसवे मेसेज मोबाइल कंपनीला कळवायच्या नंबरवर, पुढे पाठवा, मग नंबर ब्लॉक करा.