क्रिप्टो वर्षानुवर्षं ऑफलाइन ठेवायचंय? मग डिव्हाइसच्या आधी कागद-पेन घेऊन बसा

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची किल्ली इंटरनेटपासून लांब ठेवणारं छोटं डिव्हाइस, घेतलं की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. पार्सल येतं, डिव्हाइस चालू करतात, स्क्रीनवर आलेले शब्द कसेबसे खरडतात, सगळे कॉइन एका दमात पाठवून देतात आणि ड्रॉवर बंद. पुढची पाच वर्षं कोणी बघत नाही. आणि मग ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी कळतं की कागदावरचा सातवा शब्द वाचताच येत नाहीये. त्या घाईत जे राहून जातं तेच खाली सांगतोय. रोज ट्रेडिंग करणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही, ज्यांना घेऊन ठेवायचंय आणि विसरून जायचंय त्यांच्यासाठी आहे.

एक्सचेंजवरच, म्हणजे जिथे कॉइन विकत घेतले त्या साइटवरच, राहू दिलं तर काय बिघडतं? एक्सचेंजवर तुम्हाला जो बॅलन्स दिसतो तो त्यांच्या वहीतला आकडा असतो, कॉइनची किल्ली त्यांच्याकडे. माउंट गॉक्स नावाचं एक्सचेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं (नंतर त्यातले दोनेक लाख सापडले), आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे दुसरं एक्सचेंज काही दिवसांत कोसळलं तेव्हा लोकांना लॉगिन करता येत होतं, पैसे काढता येत नव्हते. बस, एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. कॉइन तुमच्या डिव्हाइसमध्ये नसतात. ते ब्लॉकचेनवरच असतात, जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर त्याची नोंद असते, डिव्हाइसमध्ये असते फक्त सही करायची किल्ली म्हणजे प्रायव्हेट की, आणि ती किल्ली ज्यातून बनते ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्द म्हणजे सीड फ्रेज. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात, बीआयपी-३९ नावाचं स्टँडर्ड आहे २०१३ चं, बहुतेक वॉलेट तेच वापरतात. त्यामुळे डिव्हाइस हरवलं, फुटलं, कंपनी बंद पडली तरी काही जात नाही, नवीन कुठलंही तशा प्रकारचं वॉलेट घ्या, शब्द टाका, सगळं परत. पण शब्द गेले आणि डिव्हाइसही गेलं तर संपलं, कस्टमर केअर वगैरे प्रकार इथे नाही. आणि शब्द दुसऱ्याने बघितले तरी संपलं.

लोक हॅकरला घाबरतात आणि स्वतःला घाबरत नाहीत. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका माणसाची हार्ड ड्राइव्ह २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, त्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. एका प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन अशा यूएसबी ड्राइव्हमध्ये अडकले जिथे पासवर्डचे फक्त दहा चान्स मिळतात आणि त्यातले आठ त्याने वापरून टाकले. दोन्हीकडे चोर कुणीच नव्हता. म्हणून मी सेटअप करताना प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारतो, हे दुसऱ्याच्या हाती लागेल का, आणि हे माझ्याच हातून हरवेल का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

पहिली स्टेप, डिव्हाइस

ट्रेझर, लेजर, कोल्डकार्ड, यातलं कुठलंही चालेल, त्यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला त्यात रस नाही. फक्त तुमचे कॉइन त्यावर चालतात का ते बघा (कोल्डकार्ड फक्त बिटकॉइनसाठी आहे) आणि डिव्हाइसला स्वतःची स्क्रीन हवी, का ते पुढे येईल. कंपनीच्या साइटवरून किंवा त्यांनी स्वतः यादीत दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचं, सेकंडहँड अजिबात नाही. आणि डब्यात जर शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर ते डिव्हाइस वापरायचं नाही, शंभर टक्के फ्रॉड आहे, शब्द तुमच्यासमोर डिव्हाइसने बनवायचे असतात.

ऑर्डर देताना वेगळा ईमेल वापरा. लेजरच्या ग्राहकांची यादी २०२० मध्ये लीक झाली, लाखो लोकांचे ईमेल आणि त्यात बऱ्याच जणांचे घरचे पत्तेसुद्धा, आणि त्यानंतर लोकांना कंपनीच्या नावाने खोटी पत्रं आली, काहींना तर खोटी डिव्हाइससुद्धा घरपोच. किल्ल्या सेफ होत्या, पण कोणाकडे क्रिप्टो आहे ते सगळ्यांना कळलं.

जुना लॅपटॉप फॉरमॅट करून त्यावर वॉलेट बनवणं किंवा साइटवरून कागदी वॉलेट प्रिंट करणं, हे जमतं, पण त्यात चुकायच्या जागा फार. किल्ली बनवताना लागणारा रँडम आकडाच कच्चा असेल तर बाकी सगळी काळजी फुकट. २०२३ मध्ये लिबबिटकॉइन या बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या एका टूलमध्ये हेच निघालं, त्यातले आकडे फक्त ३२ बिटचे होते, म्हणजे साध्या कॉम्प्युटरवर सगळे तपासून होतात, आणि लोकांचे कॉइन गेले. ज्यांना मशीनवर अजिबात भरवसा नाही ते फासे टाकतात, काही डिव्हाइसमध्ये तशी सोय असते, २४ शब्दांसाठी साधारण ९९ वेळा फासा टाकायचा. वेडेपणा वाटेल पण पद्धत बरोबर आहे.

दुसरी स्टेप, शब्द लिहिणं

इथे वेळ घ्या. आधी कंपनीच्या अॅपमधून डिव्हाइस खरं असल्याचं तपासा, फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, मगच नवीन वॉलेट. लिहिताना खोलीत कॅमेरा नको, फोन बाहेर, लॅपटॉपच्या वेबकॅमवर काहीतरी चिकटवा.

शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये, कॅपिटल अक्षरात, नंबर टाकून लिहायचे. कोणाला कळू नये म्हणून देवनागरीत लिहू असं डोक्यात येतं, नका करू. त्या यादीत ‘उजवा’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही राइट आहे, मराठीत दोन्ही सारखेच दिसणार. माझं स्वतःचं पहिल्यांदा असंच झालं होतं, देवनागरीत नाही पण लहान लिपीत भराभर लिहिलं आणि नंतर वॉल आहे की वॉक तेच कळेना, शेवटचं अक्षर एल की के, आणि यादीत दोन्ही आहेत. दोन्ही टाकून बघितले, एक चालला. शब्दांमध्ये चेकसम, म्हणजे चूक पकडणारा छोटा ताळा, असतो म्हणून चुकीचा शब्द बहुतेक वेळा डिव्हाइस नाकारतं, तेवढ्यावर वाचलो. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं यादीत एकमेव असतात, त्यामुळे ती चार जरी स्वच्छ असली तरी पुरतं.

फोटो नाही. स्क्रीनशॉट नाही, ईमेलचा ड्राफ्ट नाही, नोट्स अॅप नाही. फोटो आपोआप क्लाउडवर जातात हे एक, आणि २०२५ च्या सुरुवातीला स्पार्ककॅट नावाचा मालवेअर अधिकृत अॅप स्टोअरवरच्या अॅपमध्येच सापडला, तो गॅलरीतले फोटो वाचून त्यातून सीड फ्रेज शोधत होता. हे शब्द फक्त डिव्हाइसवर टाकायचे, साइटवर, फॉर्ममध्ये, सपोर्टवाल्याला, कोणाला म्हणजे कोणालाच नाही.

तिसरी स्टेप, मुद्दाम पुसून टाका

सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. वॉलेट तयार झालं की पहिला रिसीव्ह अॅड्रेस, म्हणजे कॉइन ज्यावर मागवायचे तो पत्ता, लिहून ठेवा. त्यावर अगदी थोडी रक्कम पाठवा, हरवली तर वाईट वाटणार नाही एवढी. ती पोचली की डिव्हाइस रीसेट करा, पूर्ण पुसा. पोटात गोळा येतो, येऊ दे. आता फक्त तुमच्या कागदावरून शब्द टाकून रिकव्हर करा. तोच अॅड्रेस आणि तीच रक्कम दिसली तर कागद बरोबर आहे, नाही दिसली तर गेली ती चिल्लर, बाकीची वाचली. मग तीच रक्कम परत बाहेर पाठवून बघा, कारण पैसे आत जाणं आणि बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (टोकन, म्हणजे इथेरियमसारख्या दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालणारं कॉइन, असेल तर बाहेर पाठवायला त्या नेटवर्कचं मूळ कॉइन फीसाठी लागतं, तेही थोडं ठेवा.)

हे सगळं झालं की मगच मोठी रक्कम, तीही दोन-तीन हप्त्यांत. दर वेळी अॅड्रेस डिव्हाइसच्या स्क्रीनवर बघून जुळवायचा, कॉम्प्युटरच्या नाही, कारण कॉपी केलेला अॅड्रेस पेस्ट होताना बदलणारे मालवेअर असतात, आणि फक्त पहिली-शेवटची चार अक्षरं बघून भागत नाही, तेवढी जुळणारे अॅड्रेस मुद्दाम बनवतात लोक. यूएसडीटीसारखं टोकन असेल तर नेटवर्क नीट निवडा, ते इथेरियमवरही असतं आणि ट्रॉनवरही.

चौथी स्टेप, स्टील

कागद पाण्याने जातो, आगीत जातो, वाळवी खाते, शाई उडते. दहा-वीस वर्षांचा विचार असेल तर शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या, त्यासाठी तयार किट मिळतात किंवा साधे अक्षरांचे पंच आणि हातोडी. स्टील साधारण १४०० अंशाला वितळतं, घराची आग सहसा तेवढी तापत नाही. अॅल्युमिनियम घेऊ नका, ते ६६० लाच वितळतं. कोरलेलं किंवा ठोकलेलं हवं, वर मार्करने लिहिलेलं नको. आणि हे काम दुकानातून करून घ्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. बंद पाकिटात, सील करून, म्हणजे कोणी उघडलं तर कळेल. अर्धे शब्द इकडे अर्धे तिकडे ही आयडिया ऐकायला भारी वाटते, पण त्यात कुठलाही एक तुकडा हरवला की सगळं गेलं, आणि १२ शब्दांतले ६ ज्याच्या हाती लागले त्याचं काम प्रचंड सोपं होतं. खरंच तुकडे करायचे असतील तर त्यासाठी शमीर बॅकअप नावाची पद्धत आहे, काही ट्रेझरमध्ये मिळतो, तीनपैकी कुठलेही दोन भाग चालतात असं ठरवता येतं.

पासफ्रेज आणि मल्टिसिग यांच्याबद्दल माझं मत थोडं उलटं आहे, बहुतेकांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. पासफ्रेज म्हणजे शब्दांच्या वर स्वतःचा एक जादा पासवर्ड. चुकीचा टाकला तर एरर येत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं, एक स्पेस किंवा एक कॅपिटल इकडचं तिकडे झालं तरी शून्य बॅलन्स. डोक्यात ठेवतो म्हणणारे विसरतात. वापरणारच असाल तर तीही लिहा, शब्दांपासून वेगळ्या जागी. मल्टिसिग म्हणजे पैसे पाठवायला एकापेक्षा जास्त किल्ल्यांची सही, त्यात तीनपैकी दोन किल्ल्या पुरतात असं करता येतं, मोठी रक्कम असेल तर छान आहे, पण तिथे नुसते दोन सीड पुरत नाहीत, तिन्ही किल्ल्यांचे पब्लिक भाग असलेली वॉलेटची कॉन्फिगरेशन फाइलही जपावी लागते, हे लोकांना फार उशिरा कळतं.

घरच्यांसाठी चिठ्ठी

२०१८ च्या डिसेंबरमध्ये क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या एक्सचेंजचा प्रमुख वारला आणि किल्ल्या त्याच्या एकट्याकडेच होत्या असं सांगण्यात आलं (पुढे चौकशीत त्याने आधीच बराच घोळ घातल्याचं निघालं ते वेगळं). तुमच्या घरीही किल्ली फक्त तुमच्याकडेच आहे. म्हणून एक चिठ्ठी लिहा, तिच्यात शब्द लिहायचे नाहीत. कुठले कॉइन आहेत, कुठलं डिव्हाइस आणि अॅप वापरलं, पाकिटं कुठे आहेत, पासफ्रेज आहे की नाही, आणि डेरिव्हेशन पाथ, म्हणजे शब्दांमधून अॅड्रेस कुठल्या वाटेने बनवले ते, तो वॉलेटच्या सेटिंगमध्ये दिसतो, कारण वेगळा पाथ पडला तर शब्द बरोबर असूनही बॅलन्स शून्य दिसतो आणि माणूस घाबरून काहीतरी करून बसतो. इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेट अॅपमध्ये बनवलेले शब्द असतील तर तसं स्पष्ट लिहा, ते बीआयपी-३९ चे नसतात. आणि मोठ्या अक्षरात, रिकव्हरी करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला शब्द द्यायचे नाहीत. चिठ्ठी ज्याला वाचायची आहे त्याला एकदा वाचायला देऊन बघा, कळते का.

वर्षातून एकदा

बॅलन्स बघायला डिव्हाइस काढायची गरज नाही, फोनवर फक्त बघण्यापुरतं वॉच-ओन्ली वॉलेट लावता येतं. हार्डवेअर वॉलेट मात्र कुठल्याही डीफाय साइटला (बँकेशिवाय क्रिप्टोची कर्जं, व्याज, अदलाबदल करून देणाऱ्या) जोडायचं नाही. किल्ली ऑफलाइन असली तरी तुम्ही चुकीच्या परवानगीवर सही केली की टोकन निघून जातात, तसले उद्योग करायचे असतील तर वेगळं वॉलेट वेगळ्या शब्दांवर.

ऑफलाइन म्हणजे बातम्यांपासूनही लांब असं नाही. जून २०१८ मध्ये ईओएस नावाच्या कॉइनचं स्वतःचं नेटवर्क आलं तेव्हा इथेरियमवरची जुनी टोकन गोठवली गेली, ज्यांनी वेळेत नोंदणी केली नाही ते अडकले. बिटकॉइनला असला त्रास नाही, छोट्या टोकनवाल्यांनी मात्र डोळे उघडे ठेवावेत.

वर्षाने बघायचं ते इतकंच, पाकिटांचं सील जागेवर आहे का, डिव्हाइस चालू होतंय का, पिन आठवतोय का. लेजर तीन चुकीच्या पिनला स्वतःला पुसून घेतं, ट्रेझर सोळाला, शब्द हाताशी असतील तर त्यानेही काही बिघडत नाही. फर्मवेअर अपडेट करायचं असेल तर आधी शब्दांचं पाकीट घरी आणा, मग अपडेट, मग नव्या पाकिटात पुन्हा सील, आणि बाहेरून पेन्सिलने त्या दिवसाची तारीख.