शांघाय टॉवरचा आकाशकंदील : पिळाची रीत

गोव्यात दिवाळीच्या आकाशकंदील स्पर्धांत देवळे, होड्या आणि कमळे दरवर्षी दिसतात. यंदा वेगळे काही करायचे असेल, तर शांघायच्या पुडोंग भागातील शांघाय टॉवर हा विषय कंदिलाला विलक्षण साजतो, कारण ती इमारत मुळातच कंदिलासारखी बांधलेली आहे. तिच्या आत एकावर एक रचलेले गोल मजले आहेत आणि त्यांच्याभोवती, मध्ये मोकळी जागा सोडून, गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी आकाराचे काचेचे दुसरे आवरण आहे. गेन्सलर या वास्तुसंस्थेने आराखडा केलेल्या आणि 2015 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीची उंची 632 मीटर असून तिला 128 मजले आहेत.

प्रमाण 1:500 धरावे, म्हणजे कंदिलाची उंची सुमारे 126 सेंटिमीटर होते. एवढा कंदील बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीच्या, तुळईला टांगल्यास येणाऱ्याच्या डोक्याला लागतो; त्यासाठी अंगणातल्या आंब्याची फांदी बरी.

कण्यासाठी 50 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यावा. जाड पुठ्ठ्याच्या 28 त्रिकोणी चकत्या कापाव्यात. सर्वांत खालची चकती 20 सेंटिमीटर रुंद ठेवून वरची प्रत्येक चकती 3 मिलिमीटरने लहान करत गेल्यास माथ्याची चकती साधारण 12 सेंटिमीटरची होते. मूळ इमारतही अशीच वर निमुळती होत जाते. प्रत्येक चकतीचे कोपरे गोल करावेत, मधोमध पाइपाच्या मापाचे भोक पाडावे, त्याभोवती उजेडासाठी तीन खिडक्या कापाव्यात आणि एकाच कोपऱ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच ठेवावी. खाच शोभेपुरती समजून गाळू नये. मूळ इमारतीत ती बुडापासून माथ्यापर्यंत जाते आणि पीळ डोळ्यांना दिसतो तो तिच्यामुळेच.

आता खरे काम पिळाचे. इमारतीचे बाह्य आवरण बुडापासून माथ्यापर्यंत सुमारे 120 अंशांनी वळलेले आहे. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडणाऱ्या चाचणीच्या दालनात, नमुन्यांवर चाचण्या घेऊन हा कोन निवडला गेला. निमुळता, पिळलेला आकार आणि खाच यांमुळे वाऱ्याचे भोवरे सर्व उंचीवर एकाच तालात सुटत नाहीत आणि वाऱ्याचा भार सुमारे 24 टक्क्यांनी कमी होतो. कंदिलात हा पीळ चकतीगणिक कोनमापक लावून साधण्याचा प्रयत्न मी पहिल्या खेपेला केला आणि फसलो. दर चकतीला अर्धा अंश चुकत गेला, मध्यावर एक चकती उलट्या बाजूला वळली, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, वाड्यावरची मुले नरकासुराच्या पुतळ्याला शेवटचा रंग देत असताना, मी पुठ्ठ्याच्या चकत्या सोडवत बसलो होतो.

त्यापेक्षा सोपी रीत अशी. पाइपाचा घेर दोऱ्याने मोजावा. त्या घेराइतका रुंद आणि 126 सेंटिमीटर लांब कागद जोडून घ्यावा. खालच्या एका कोपऱ्यापासून वरच्या कडेवर, त्याच बाजूकडून घेराच्या एक तृतीयांश अंतरावर असलेल्या बिंदूपर्यंत तिरकी रेघ ओढावी आणि कागद पाइपाला गुंडाळून चिकटवावा. रेघ आपोआप पाइपाभोवती 120 अंश चढत जाते. तिच्यावर, उभ्या अंतराने दर 4.7 सेंटिमीटरला खूण करावी आणि प्रत्येक चकतीची खाच आपल्या खुणेच्या समोर आणून चकती खळीने पक्की करावी. पीळ कोणत्या दिशेला आहे, ते छायाचित्र समोर ठेवून रेघ ओढण्यापूर्वीच ठरवावे.

इमारत नऊ उभ्या विभागांत विभागलेली आहे. कंदिलात दोन चकत्यांमधल्या जागेला एक घर धरले, तर तीन-तीन घरांचा एक विभाग होतो, म्हणून दर तिसरी चकती दुहेरी पुठ्ठ्याची करावी. सर्वांत खाली दुकाने आहेत. दुसऱ्या ते सहाव्या विभागात कचेऱ्या, सातव्या-आठव्यात हॉटेल आणि नवव्यात शहर पाहण्याचे मजले आहेत. एलईडीच्या पट्ट्या पाइपाभोवती गुंडाळताना कचेऱ्यांना पांढरा आणि हॉटेलला पिवळसर उजेड दिला, तर एकाच इमारतीतली ही सारी वस्ती रात्री दुरूनही ओळखता येते.

आवरणाला बटर पेपर वापरावा. एकच मोठा कागद गुंडाळू नये, कारण पिळावर तो सुरकुततो. दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापून चकतीपासून चकतीपर्यंत एकेक करून चिकटवाव्यात. मूळ आवरणही वीस हजारांहून अधिक काचांच्या तुकड्यांचे आहे, त्यामुळे सांधे दिसले तरी बिघडत नाही. खाचेच्या आतल्या बाजूला मात्र कागद ताणून न लावता घडी घालून बसवावा.

शेपट्या लावू नयेत. त्यांनी रेषा मोडते. परतीच्या पावसाची एखादी सर येतेच, म्हणून वायरचा जोड पाइपाच्या आत, माथ्याजवळ ठेवावा आणि टांगण्याची दोरी पाइपाच्या दोन्ही बाजूंना पाडलेल्या भोकांतून आरपार ओवावी.